बंदी नोट

सिनेमाच्या तिकीटखिडकीला एक अर्धगोल भोक असायचं, हात जेमतेम आत जाईल एवढं. त्या भोकामागे बसून खिडकीताईने आपलं तारुण्य काढलं. वडील त्याच थिएटरचे डोअरकीपर. लोकांची तिकिटं फाडून अर्धुकं परत देण्यात त्यांची हयात गेली. लेकीची शाळा सुटली तेव्हा ते मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीला हिशेब चोख येतो आणि तिचं तोंड कमी चालतं." यातली पहिली गोष्ट खरी होती.

खिडकीची काच आतून हिरव्या रंगाने रंगवलेली होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या आधीपासून ती तशीच होती. त्यामुळे बाहेरच्याला आतली बाई दिसत नसे आणि आतलीला बाहेरचं माणूस. दिसायचे ते फक्त हात. पिठाने पांढरे झालेले, रंगाने निळे पडलेले, नुकतंच लग्न झालेल्यांचे एकमेकांत अडकलेले. शहरातली कितीतरी माणसं ती हातांवरून ओळखायची, आणि तीच माणसं रस्त्यात समोर आली तर त्यांना ओळखही न देता ती पुढे निघून जायची, कारण चेहरे तिला माहीतच नव्हते.

एका शुक्रवारी संध्याकाळच्या खेळाला त्या भोकातून एक नवाच हात आत आला. नखं काळी, अंगठ्याच्या रेषांमध्ये लोखंडाचा भुगा बसलेला. आणि दोन बोटांच्या चिमटीत, चटका बसेल अशा धास्तीने धरलेली, एक नोट.

तशी नोट तिने नुसती ऐकली होती. सरकार छापतं त्यातली सगळ्यात मोठी. अंगाने चांगली हातरुमालाएवढी, कोरी करकरीत, कडेने जांभळ्या वेलबुट्टीची. तिने ती हातात घेतली नाही. नुसतं विचारलं, "हे काय?"

"नोट आहे," बाहेरून आवाज आला.

"ते दिसतंय. एक स्टॉलचं तिकीट आणि त्याला ही नोट? अहो, एवढ्यात आमच्या खुर्च्या विकत मिळतील तुम्हाला."

"खुर्च्या नकोत. एक तिकीट द्या, आणि बाकीचे सुट्टे."

रांगेतले मागचे कुरकुरायला लागले, तेव्हा तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने नोट दिव्यापुढे धरली, कानाजवळ नेऊन खडखडवली, अंगठा ओला करून कोपऱ्यावर घासला आणि बोट जांभळं झालं नाही म्हणून आधी खूश झाला, मग लगेच काळजीत पडला. म्हणाला, "खऱ्या नोटेचा रंग थोडा सुटतो म्हणतात. हिचा तर सुटतच नाही." तेवढ्यात दार सोडून तिचे वडीलही आले. ते गंभीरपणे म्हणाले, "खरी नोट जळत नाही. आतली तार ती जळू देत नाही. काडी लावून बघा."

"बाबा," खिडकीताई म्हणाली, "खोटी निघाली तर राख, आणि खरी निघाली तर?"

"खरी असली तर जळणारच नाही."

"आणि जळली तर तुमचा पगार किती वर्षं यांना द्यायचा?"

वडील आपल्या दाराकडे परत गेले. मॅनेजरने नोट भोकातून बाहेर सरकवली आणि हात झटकले. बाहेरच्या हाताने नोट उचलली. हात गेला. पण खेळ सुरू झाल्यावर तिने मागच्या दारातून डोकावून पाहिलं, तर बाकावर एक सडपातळ माणूस बसलेला होता. वाढलेली दाढी, बाजूला अवजारांची पिशवी, आणि मांडीवर ती नोट, पुस्तकात घातलेली. तिने त्याला हातांवरून ओळखलं.

"अजून इथेच?" तिने विचारलं.

"शेवटपर्यंत गल्ल्यात सुट्टे जमतील ना? तोवर बसतो."

तो किल्लीवाला होता. बाजारामागच्या बोळात त्याचं खोक्याएवढं दुकान. ही नोट त्याच्याकडे आली कशी ते त्याने तिथेच सांगितलं. एक मोठा व्यापारी वारला होता आणि तिजोरीची किल्ली कुणालाच सापडत नव्हती. मुलगे तिघे. तिजोरीकडे बघण्यापेक्षा एकमेकांच्या हातांकडेच जास्त बघत होते. किल्लीवाल्याने लोखंडी दाराला कान लावून जेवणवेळेपासून दिवस मावळेपर्यंत खटपट केली. दार उघडलं तशी तिघांनी एकदम झडप घातली. थोरल्याच्या हाताला जे वरचं लागलं ते त्याने मागे न बघताच किल्लीवाल्यापुढे केलं. "घे आणि नीघ." रस्त्यावर येऊन बघतो तर ही नोट. चूक झाली असेल म्हणून तो बिचारा परतही गेला होता. पण आतून भांडणाचा आवाज येत होता आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी दार आपटलं.

"मग आता?"

"आता कुणी मोडून देत नाही. किराणावाला म्हणतो, ही नोट एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायची असते, साध्या माणसाने हात लावला तरी गुन्हा. शिंपी म्हणतो, हिच्यातली तार सरकारी कचेरीत वाजते. न्हावी म्हणाला, घडी घातली की किंमत निम्मी. म्हणून पुस्तकात ठेवलीय."

"आणि बँकेत?"

"गेलो होतो. पहारेकऱ्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. मीही पाहिलं. आलो परत."

ती हसली. गल्ल्यात अर्थात पुरेसे सुट्टे जमले नाहीत. दोन पोती चिल्लर झाली असती. पण पुढच्या शुक्रवारी तोच हात पुन्हा आला, तीच नोट घेऊन. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. ती म्हणायची, "सुट्टे नाहीत." तो म्हणायचा, "बसतो." गर्दी ओसरली की ती मागच्या दारात येऊन उभी राहायची. त्याच्याकडे सांगायला खूप असायचं, कारण किल्लीवाल्याला लोक घरात आतपर्यंत नेतात. कुणाच्या कपाटात काय असतं ते तो सांगत नसे, पण कुलूप लावताना माणसं कशी तोंडं करतात त्याच्या नकला करून दाखवायचा.

एकदा तो बाकावर बसला आणि त्याच्या खिशातून खुळखुळ ऐकू आलं.

"ते काय वाजतंय?"

"किल्ल्या."

त्याने खरंच किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा खुळखुळ. तिने गल्ला मोजता मोजताच आतून आवाज दिला, "आज तुमच्या किल्ल्या अगदी नाण्यांसारख्या वाजताहेत हो." बाहेर बाक करकरला, पावलं खिडकीशी आली. मग भोकातून हात आला, मूठ उघडली, आणि एका स्टॉलच्या तिकिटाची मोजकी नाणी फळीवर पडली.

"किती दिवस होती ही खिशात?"

"पहिल्या शुक्रवारीच तेवढी नव्हती," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात तो तिच्या वडिलांना भेटायला आला. वडिलांनी कामधंदा विचारला, घर विचारलं, आणि जाता जाता खालच्या आवाजात, "त्या नोटेला काडी लावून बघितलीत का?"

लग्न झालं. घर म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, एका खिडकीतून बोळ आणि दुसरीतून शेजारच्यांचं वाळत घातलेलं. घरात सासूबाई. कानस घासल्याच्या आवाजात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे त्या नेहमी मोठ्याने बोलायच्या, कुजबुजसुद्धा मोठ्याने करायच्या. नोट आता त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी ती दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, दोऱ्याने बांधून, कपाटात सगळ्यात तळाशी ठेवली होती. लेकाने एकदा नुसता विषय काढला तर म्हणाल्या, "बंदी नोट, न मोडलेली, म्हणजे घराचा कणा. मोडली की तिला पाय फुटतात. आज एक गेली, उद्या चार, परवा पुठ्ठाच राहील हातात. बंदी आहे तोवर घराची लाज राखते."

खिडकीताईला पैशाला फुटलेले पाय रोजच दिसायचे, ते फुटतात म्हणूनच थिएटर चालतं हेही तिला माहीत होतं. पण नवी सून होती. गप्प बसली. वडील म्हणाले होते ती दुसरी गोष्ट थोडे दिवस खरी ठरली.

बोळात बातमी पसरायला काय लागतं. कुणी ना कुणी नोट बघायला यायचं. सासूबाई हात धुवायला लावून मगच पुठ्ठे उघडायच्या. समोरचे निवृत्त पोस्टमनकाका तर नेमाने यायचे. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, की नोटेच्या नंबरात पहिले तीन आकडे आणि शेवटचे तीन सारखे असले तर परदेशातले शौकीन घराएवढे पैसे मोजतात. नंबर पाहिला. सारखे नव्हते.

"उलटीकडून वाचा," पोस्टमनकाका म्हणाले.

उलटीकडूनही नव्हते.

"मग छापताना चूक झालेली असेल. चुकीच्या नोटेला तर आणखी भाव!" आणि चहा पिऊन गेले. ते दिवस तसे हसण्याचेच होते. शुक्रवारी नवं पिक्चर लागायचं, ती गल्ला मिटवून यायची, तो दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसलेला असायचा, आणि वर सासूबाई साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं कुजबुजायच्या, "आली गं बाई एकदाची."

मुलगी झाली. ती चालायला लागली त्या वर्षी तिला ताप भरला. उतरेचना. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. खिडकीताईने कपाट उघडलं, पुठ्ठे बाहेर काढले आणि नवऱ्यापुढे ठेवले. तो पुठ्ठ्यांकडे बघत उभा राहिला. आईकडे पाहिलं. मग खाली गेला आणि सायकल विकून आला. त्या सायकलवरून तो शहरभर कुलपं उघडत फिरायचा. पुढची कित्येक वर्षं अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून चालत फिरला.

मुलगी बरी झाली, त्यामुळे तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण पावसाळ्यात तो गुडघाभर चिखलातून आला आणि पाय चेपत बसला, तेव्हा तिला राहवलं नाही. "सायकल गेली आणि कागद राहिला."

"कागद नाही तो."

"मग काय आहे? ज्याने घरातल्या तापाला काही केलं नाही, तो काय आहे?"

तो पाय चेपत राहिला. खरं तर त्याच्याकडे उत्तर होतं. ते तिला फार नंतर कळलं. लहानपणी त्याच्या घरात उद्याची सोय म्हणून कधीच काही नसायचं. आता घरात काहीतरी आहे, ज्याला हात लावावा लागला नाही, या एका गोष्टीवर त्याला झोप लागायची.

सासूबाई गेल्या. जाताना त्यांनी सुनेचा हात धरला आणि या खेपेला खरोखरच कुजबुजल्या, "मोडू नकोस." तिने मान हलवली. मरणाऱ्या माणसाशी वाद घालायचा तरी कसा?

मग थिएटरला उतरती कळा लागली. बाल्कनी बंद झाली, मग दुपारचे खेळ, मग एक दिवस मॅनेजरने तिला बोलावून गल्ल्याची किल्ली परत मागितली. ही किल्ली तिच्या नवऱ्यानेच बनवलेली. ती घरी आली तर घरीही तेच. मोठ्या रस्त्यावर नवं दुकान निघालं होतं, तिथे मशीनवर डोळ्यांदेखत किल्ली कापून मिळायची. हाताने कानस मारून दाते पाडणाऱ्याकडे कोण थांबणार? "आपणही मशीन घेऊ," ती म्हणाली. दोघांनी एकाच वेळी कपाटाकडे पाहिलं. तो म्हणाला, "नको." ती म्हणाली, "बरं," आणि आठवडाभर बोलली नाही.

त्या अबोल्यातच रेडिओवर बातमी आली. मोठ्या नोटा चलनातून काढून घेणार. ठरलेल्या मुदतीत बँकेत द्या, नाहीतर रद्दी.

तिला वाटलं होतं, नवरा ओक्साबोक्शी रडेल. तो हसला. "आई म्हणायची, बंदी ठेवा. सरकारनेसुद्धा बंदीच घातली बघ." पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बोळात तर नुसता ऊत आला. म्हणे नोट घेऊन जाणाऱ्याचा फोटो काढतात. म्हणे घराची झडती होते. म्हणे अर्धे पैसे देतात आणि अर्धे कापून घेतात. पोस्टमनकाका म्हातारे झाले होते, पण कान शाबूत होते. ते सांगत आले, की नंबरावरून नोट कुणाच्या तिजोरीतली ते कळतं. त्यावर तर किल्लीवाल्याने कपाटातून पुठ्ठेच बाहेर काढले. व्यापाऱ्याच्या त्या तिघा मुलांचं भांडण पुढे कोर्टात गेलं होतं, हे साऱ्या शहराला माहीत होतं.

"चोर ठरवतील मला. किल्लीवाला, तिजोरी आणि ही नोट. कोण विश्वास ठेवेल? त्यापेक्षा चुलीत घालू."

"जळत नाही ती. बाबा सांगायचे."

"चेष्टा करू नकोस."

तेव्हा ती त्याच्यासमोर बसली. "ऐका. माझा जन्म खिडकीमागे गेला. आत बसलेल्या माणसाच्या मनात बाहेरच्याबद्दल काय असतं ते मला विचारा. चोर का साव, गरीब का श्रीमंत, एवढा वेळ कुणाला असतो? त्याच्या मनात एकच शब्द असतो. 'पुढचा.'"

सकाळी दोघं गेली. त्याने दाढी केली होती आणि तिने त्याच्या चपलांना पॉलिश करून दिलं होतं. रांग फाटकाबाहेर गेली होती. पुढच्या माणसाला कुणीतरी सांगितलं होतं की डाव्या हाताने दिलेली नोट घेत नाहीत. तो सारखा उजवा हात पुसत होता. मागची बाई पुढेमागे हलत स्वतःशीच पाठ करत होती, पैसे कुठून आले ते. किल्लीवालाही पाठ करत होता. ऊन वर आलं. दोनदा तो म्हणाला, चल घरी. दोनदा तिने त्याची पिशवी धरून ठेवली.

खिडकी आली. आत एक तरुण मुलगी. बोटांना शाईचे डाग, मनगटाला सैल घड्याळ. खिडकीताईने पहिल्यांदाच अशा भोकात बाहेरून हात घातला. जांभळी नोट फळीवर ठेवली, इतक्या वर्षांनंतरही एकही घडी नसलेली.

किल्लीवाला पुढे झाला. "त्याचं काय झालं, मॅडम, एक व्यापारी होते, ते वारले, त्यांची तिजोरी..."

"सही इथे करा," मुलगी म्हणाली.

त्याने सही केली. शिक्का बसला. लहान नोटांची एक गड्डी बाहेर आली. "मोजून घ्या. पुढचे!"

संपलं. तो बँकेच्या पायरीवर येऊन बसला. गड्डी तिच्या हातात होती. "एवढंच?" तो म्हणाला. "एवढ्याला मी भीत होतो?" मग जरा वेळाने, "ही मिळाली तेव्हा हिच्यात दोन खोल्या आल्या असत्या. आता काय येईल?"

"एक मशीन. तेही वापरलेलं. वर थोडे घालावे लागतील." ती खोटं बोलली नाही. नोट बंदी राहिली होती. किंमत मात्र पुठ्ठ्यांच्या आतच थोडी थोडी मोडत गेली होती.

"आईला काय सांगू?"

"सांगा, पाय फुटले. पण आपण बरोबर चालतोय."

तेव्हा तो रडला. नोटेसाठी नाही, असं ती पुढे नेहमी सांगायची. सायकलसाठी रडले ते.

मशीन आलं. त्याला ते कधीच आवडलं नाही. ते किंचाळतं म्हणायचा. म्हणून ते तीच चालवायला शिकली. ती दाते कापायची, तो शेवटी कानशीचा एक हात मारून किल्ली गुळगुळीत करायचा आणि गिऱ्हाईकाला देण्याआधी उगीच एकदा कानाशी नेऊन बघायचा. काऊंटरला ना काच होती ना हिरवा रंग. येणारे आधी हात पुढे करायचे, आणि ते हात ओळखीचे निघाले की ती मान वर करून चेहरा बघायची. निळ्या हातांचा रंगारी इतका देखणा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. "किती पाहिजेत?" तिने विचारलं, तसा तो दचकून म्हणाला, "अहो, तुम्ही त्या सिनेमाच्या!" दोघं खूप वेळ जुन्या पिक्चरांबद्दल बोलत बसली. धंदा फार वाढला नाही, पण मोडलाही नाही. मुलीची फी वेळेवर गेली. आणि त्याच्यासाठी सायकलही आली, जुनीच, पण घंटी नवी.

तो जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटची खूप वर्षं त्याला ऐकू कमी यायचं, तरी किल्ली कानाशी नेण्याची सवय काही सुटली नाही. दुकान ती एकटी बघते. मुलगी म्हणते, माझ्याकडे राहायला ये. ही म्हणते, येईन.

लोक आता नोटा फारशा बाळगत नाहीत. पण बोलायचे ते बोलतातच. परवा एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आली. मशीन चालू असेपर्यंत वेळ काढायला म्हणून सांगू लागली, "मावशी, याच बोळात म्हणे पूर्वी एका किल्लीवाल्याकडे सगळ्यात मोठी नोट होती. तिच्यात खऱ्या सोन्याची तार होती. सरकारने मागितली तर त्याने दिलीच नाही, भिंतीत चिणून ठेवली. अजून आहे म्हणतात."

खिडकीताईने मशीन थांबवलं. एक वेळ होती, तिने या बाईला बसवून घेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं. आता तिला वाटलं, राहू दे. भिंतीत का होईना, लोकांच्या तोंडी त्यांची नोट अजून बंदी आहे.

"असेल," ती म्हणाली. किल्लीवर कानशीचा एक हात मारला, कडेचा भुगा फुंकून टाकला आणि किल्ली बाईच्या हातावर ठेवली. "घरी गेल्यावर दार उघडं ठेवून दोनदा फिरवून बघा. अडली तर जोर लावू नका. परत घेऊन या."